परदेशातली क्लिनिकल प्लेसमेंट: बेळगाव सीमाभागातल्या फिजिओथेरपी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, तिकडे बिदर-भालकी या पट्ट्यातली बरीच मराठी मुलं-मुली आता फिजिओथेरपीला जातात. कुणी बेळगावातच शिकतं, कुणी हुबळी-बेंगळुरूला, तर कुणी कोल्हापूर, मिरज, कराडला. तिसरं वर्ष संपत आलं की परदेशातल्या प्लेसमेंटचा विषय निघतो आणि घरात विचारावं असं माहितगार कुणी नसतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवते. ओपीडी आटोपल्यावर मुलं आणि त्यांचे आईवडील जे विचारतात, ते इथे जवळजवळ त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे.

क्लिनिकल प्लेसमेंट म्हणजे इंटर्नशिपच ना?

आपण ज्याला पोस्टिंग म्हणतो तेच, फक्त दुसऱ्या देशातल्या दवाखान्यात. साधारण चार ते आठ आठवड्यांचं असतं. पण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. ऑब्झर्वरशिपमध्ये तुम्ही फक्त बघता. रुग्णाला हात लावायचा नाही, नोंदही लिहायची नाही. इलेक्टिव्हमध्ये एक क्लिनिकल एज्युकेटर, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारा तिथला फिजिओथेरपिस्ट, तुमची जबाबदारी घेतो आणि त्याच्या देखत तुम्ही तपासणी, व्यायाम, थोडेफार उपचार करता. तिसरा प्रकार म्हणजे दोन विद्यापीठांच्या कराराखालची देवाणघेवाण. त्यात शिकण्याची उद्दिष्टं, तास, मूल्यमापन आणि विमा आधीच लिहून ठरलेला असतो.

जाहिरातीत तिन्हींना ‘इंटर्नशिप’च म्हणतात. म्हणून पहिल्याच ई-मेलमध्ये विचारा: मी रुग्णाला हात लावणार का, कुणाच्या देखरेखीखाली, आणि शेवटी कुणाच्या सहीचं काय मिळणार? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तिथे पैसे भरू नका.

चार आठवडे करून आलं की तिकडे नोकरी लागते का?

नाही. निम्मी मुलं हाच समज मनात धरून येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट ही पदवी कायद्याने राखीव आहे. तिथे काम करायचं तर एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी हवी. तुमचा अख्खा अभ्यासक्रम तपासला जातो आणि इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७, कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट आहे. ऑस्ट्रेलियात आधी ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिलची लेखी आणि मग क्लिनिकल परीक्षा. अमेरिकेत आता प्रवेशाची पदवीच डॉक्टरेट पातळीची आहे. बाहेरच्या पदवीधराला आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, मग एनपीटीई ही परीक्षा द्यावी लागते. आखाती देशांत प्रत्येकाचा परवाना वेगळा. यातली एकही पायरी प्लेसमेंटमुळे गळत नाही.

मात्र एक काम आजपासून करा. पदवीचं मूल्यांकन करताना हे देश क्लिनिकल तासांचा हिशोब मागतात. ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमात साधारण १००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातात, आणि तुमच्या कागदांकडे त्याच नजरेने बघितलं जातं. इथल्या प्रत्येक पोस्टिंगचा विभाग, तारखा, तास, रुग्णांचे प्रकार लॉगबुकात लिहा आणि त्याच आठवड्यात सही घ्या. पास होऊन पाच-सहा वर्षांनी कॉलेजकडे हे मागायला गेलात तर शिक्षक बदललेले असतात आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

मग जायचं तरी कशाला?

बघायला आणि स्वतःला तपासायला. आपल्या विषयाचा आवाका केवढा आहे ते तिकडे दिसतं. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टना २०१३ पासून स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचा अधिकार आहे. जिथे एवढा अधिकार आहे तिथे जबाबदारीही तेवढीच असते: धोक्याची लक्षणं ओळखणं, ‘हा माझा रुग्ण नाही, याला आत्ता पुढे पाठवलं पाहिजे’ हे ठरवणं. ही तयारी चार आठवडे जवळून बघितली की इथल्या ओपीडीत पाठदुखीचा रुग्ण समोर बसल्यावर तुम्ही वेगळे प्रश्न विचारू लागता. मला विचाराल तर जाण्याचं हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

हे आठवडे आमच्या इंटर्नशिपमध्ये धरतात का?

विद्यापीठावर अवलंबून आहे. कर्नाटकाचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठं, प्रत्येकाचे नियम आपापले. जुन्या पद्धतीत चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. २०२१ च्या कायद्याने संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आला. त्याने आणलेला नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि त्यात इंटर्नशिप वर्षभराची आहे. तुमची बॅच कशात बसते ते आधी बघा.

प्राचार्य किंवा एचओडी (विभागप्रमुख) तोंडी ‘जाऊन ये, बघू’ म्हणाले तर ती परवानगी नव्हे. जाण्याआधी लेखी पत्र घ्या. त्यात तारखा आणि ‘हा काळ इंटर्नशिपमध्ये धरला जाईल’ किंवा ‘जाणार नाही’ हे स्पष्ट असू दे. ‘नाही’ असेल तरी जाता येतं, फक्त तेवढे आठवडे नंतर भरून द्यायची तयारी ठेवा. पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा आडव्या येतात, तेव्हा हे आठवडे जड जातात.

कुठला देश निवडावा?

आधी विषय ठरवा, देश आपोआप ठरेल. न्यूरो (मेंदू-मज्जातंतू), कार्डिओरेस्पिरेटरी (हृदय-श्वसन), लहान मुलं, खेळातल्या दुखापती, वृद्धांची देखभाल, यातलं काय बघायचंय? अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट श्वसनाचं काम कसं करतो हे बघायचं असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलियात उत्तम शिकायला मिळतं. ब्रिटनच्या मोठ्या रुग्णालयांत रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीलाही फिजिओथेरपिस्ट असतो. युरोपातल्या काही विद्यापीठांत युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतून प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळू शकतो, पण तुमच्या संस्थेचा तिकडच्या संस्थेशी करार असेल तरच. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात असे कोणते करार चालू आहेत याची यादी मागा. अनेक मुलांना आपल्या कॉलेजात असा विभाग आहे हेच माहीत नसतं.

नेपाळचं नाव घेतलं की मुलांचे चेहरे पडतात. माझं मत उलटं आहे. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, खर्च आवाक्यातला, आणि डोंगराळ भागातलं पुनर्वसन आपल्या खानापूर-जोयडाच्या परिस्थितीला जास्त जवळचं. काठमांडूजवळ सांगा इथे मणक्याच्या दुखापतींसाठी वेगळं पुनर्वसन केंद्र आहे. धुलिखेलच्या रुग्णालयात फिजिओथेरपीचं पदवी शिक्षणही चालतं. झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस व्हीलचेअरवर बसून पायवाटेच्या गावात परत कसा जगेल, हा प्रश्न तिथे रोजचा आहे. आपल्याकडेही तो आहे, फक्त आपण रुग्णाला डिस्चार्ज देऊन मोकळे होतो.

व्हिसा कोणता लागतो?

तुम्ही तिथे काय करणार आणि किती दिवस, यावर. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत, म्हणजे त्यावर फार तर बघण्यापुरतं जाता येईल. शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहू देतो, पण तेवढ्याने काम करायची किंवा प्रशिक्षण घ्यायची मुभा मिळतेच असं नाही. हे त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर वाचा आणि बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

‘टुरिस्ट म्हणून जा, आत गेल्यावर कोण बघतंय’ असं सांगणारा माणूस भेटेलच. विमानतळावर तुमच्या बॅगेत ॲप्रन, स्टेथोस्कोप आणि प्लेसमेंटचं पत्र सापडलं तर परत पाठवतात, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते. एम.एस्सी.ला जायचं स्वप्न तिथेच अडकतं.

कागदपत्रांत आमच्या भागातल्या मुलांचं नेमकं कुठे अडतं?

नावात, गावात, भाषेत आणि पैशात.

नाव: समजा एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर ‘पाटील सुनीता मारुती’, पीयूसीच्या कार्डावर ‘सुनीता एम. पाटील’ आणि आधारवर ‘सुनीता मारुती पाटील’ असं आहे. आपल्याला ही एकच मुलगी दिसते, व्हिसाच्या खिडकीवर मात्र तीन माणसं दिसतात. पासपोर्ट काढताना नाव आणि आडनावाचे दोन रकाने असतात. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका आणि वडिलांचं नाव कुठे बसवायचं ते आधी ठरवा. फरक राहिलाच तर ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं, पण मूळ कागद दुरुस्त करून घेणं केव्हाही चांगलं. त्याला महिने लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षातच सुरुवात करा.

गाव: १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदांवर बेळगाव शहराचं नाव ‘Belgaum’चं ‘Belagavi’ झालं. आज चौथ्या वर्षाला असलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग आहे आणि पदवीच्या कागदांवर नवं. अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात नाव बदलल्याचं सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कन्नड कागद: उतारा, उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीची पावती हे सगळं कन्नडमध्ये असतं. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांचे काही कागद मराठीत. दोन्हींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही आणि तारीख असलेलं. चुलतभावाने टाईप करून दिलेलं चालत नाही.

पैसा: इथे सर्वांत जास्त अर्ज घसरतात. आपल्याकडची घरं ठेवी पतसंस्थेत नाहीतर सोसायटीत ठेवतात. परदेशी अधिकाऱ्याला ती संस्था ओळखीची नसते. निदान सहा महिने आधी आवश्यक रक्कम एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेत आणून ठेवा. दुसरं म्हणजे अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आली की प्रश्न उठतो. उसाचं बिल जमा झालं असेल तर कारखान्याची पावती जोडा, जमिनीचा उतारा जोडा, वडिलांनी सही केलेलं एक साधं पत्र जोडा की हे शेतीचं उत्पन्न आहे आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलं आहे. पैसा कुठून आला ते कागदावर दिसलं की बरंचसं काम होतं. पाहुण्यांकडून पंधरा दिवसांसाठी घेऊन खातं फुगवणं हा सर्वांत वाईट मार्ग.

कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळणारा शिक्का, मागितलं तर घाबरू नका. भारत २००५ पासून त्या करारात आहे. राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, एवढीच वाट आहे.

लशी आणि तपासण्या कधी सुरू कराव्या?

आत्ता. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासायची. किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर हवीत. म्हणजे आज पहिली सुई टोचली तरी हातात अहवाल यायला सात-आठ महिने गेले. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचा पुरावाही मागतात. लहानपणीचं लसीचं कार्ड अंगणवाडीबरोबर हरवलेलं असेल, तर रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते.

क्षयाच्या तपासणीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे मॅन्टू ही कातडीवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि पोरं घाबरतात. इग्रा ही रक्ताची चाचणी बीसीजीने बिघडत नाही. ती करून घ्या, लागला तर छातीचा एक्स-रे जोडा.

मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजी झेपेल का?

परीक्षेपुरतं इंग्रजी तुम्हाला येतंच, चार वर्षं पुस्तकं त्याच भाषेत वाचली आहेत. अडतं ते रुग्णाच्या इंग्रजीपाशी. मुंग्या येतात, पाय जड वाटतो, गुडघा मधेच दगा देतो, सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असते, हे ऐंशी वर्षांची आजी पुस्तकातल्या शब्दांत सांगणार नाही. आणि तुम्हालाही व्यायाम सांगताना स्नायूंची लॅटिन नावं घेऊन चालणार नाही.

यावर एक उपाय मुलांकडून करून घेते. दररोज एक रुग्ण निवडा. त्याची तक्रार त्याच्या भाषेत जशीच्या तशी लिहा, मग तीच गोष्ट शेजारच्या काकूंना समजेल अशा साध्या इंग्रजीत मोठ्याने सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. दोन महिन्यांत फरक कळतो. समजलं नाही तर ‘पुन्हा सांगाल का’ म्हणायला लाजायचं नाही. न समजता मान डोलावणं रुग्णासाठी धोक्याचं असतं.

आणि आपली एक जमेची बाजू विसरू नका. बेळगावच्या वॉर्डात एकाच सकाळी तुम्ही एका खाटेशी मराठी, दुसऱ्या खाटेशी कन्नड, तिसऱ्याशी हिंदी-उर्दू बोलता. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून भाषा बदलायची सवय तिकडच्या विद्यार्थ्यांना सहसा नसते. अर्जाच्या पत्रात हे जरूर लिहा. मात्र तिथे एखादा हिंदी बोलणारा रुग्ण भेटला तर आपण होऊन दुभाषी बनू नका. त्यासाठी नेमलेली माणसं असतात, आधी एज्युकेटरला विचारा.

तिकडच्या वॉर्डात काय वेगळं असतं?

एकच प्रसंग घेऊ. अर्धांगवायूचा रुग्ण खाटेवरून खुर्चीवर न्यायचा आहे. आपल्याकडे काय होतं? मुलगा एका बगलेत हात घालतो, जावई दुसऱ्या, ‘हं, उठा बाबा’ म्हणत ओढून उभं करतात. लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो त्या एका ओढीत दुखावतो आणि पुढे सहा महिने आपण त्याच खांद्यावर उपचार करत बसतो. ब्रिटनमध्ये हाताने वजन हलवण्यासंबंधी १९९२ पासून नियमावली आहे. बगलेतून ओढणं तिथे चालत नाही. पहिल्याच दिवशी मॅन्युअल हँडलिंगचं प्रशिक्षण होतं. रुग्ण स्वतः किती करू शकतो, किती माणसं लागतील, घसरती चादर पुरेल की हॉइस्ट (रुग्ण उचलायचं यंत्र) आणायचा, हे आधी ठरवून लिहिलं जातं. मगच रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, मोजून हालचाल. बघताना सुरुवातीला वाटतं किती वेळ घालवतात! आठवड्याभरात लक्षात येतं की पाच मिनिटांत खांदा वाचला आणि तुमची कंबरही. बगलेतून ओढणं थांबवायला आपल्याकडे यंत्र आणावं लागत नाही, नातेवाइकांना दोनदा दाखवावं लागतं.

संमतीचंही तसंच. रुग्ण ‘आज नको’ म्हणाला तर तो दिवस त्याचा. आपण नातेवाइकांकडे बघून ठरवतो, तिथे थेट रुग्णाला विचारतात, दर वेळी विचारतात.

मूल्यमापनाचा धक्का अनेकांना बसतो. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांसाठी एपीपी नावाचा तक्ता वापरतात. त्यात २० मुद्दे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. हाताचं कौशल्य त्यातला एक भाग. संवाद, नोंदी, व्यावसायिक वागणूक, जोखीम ओळखणं यांनाही तितकेच गुण. गप्प बसून नेटकं काम करणारी आपली हुशार मुलगी तिथे मागे पडते, कारण ती विचार बोलून दाखवत नाही. ‘मी हे का करतेय’ हे मोठ्याने सांगायची सवय इथूनच लावून घ्या.

आम्हाला आयएफटी (दुखण्यावर सौम्य विजेचा प्रवाह देणारं इंटरफेरेन्शियल मशीन), अल्ट्रासाऊंड चांगलं येतं. ते तिकडे दाखवता येईल ना?

फारसा वाव मिळणार नाही. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या नाईस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स (हाही विजेचाच उपचार), इंटरफेरेन्शियल देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे, ट्रॅक्शनही (कंबर ताणणं) नको. तिथे भर व्यायाम, चालतं-फिरतं ठेवणं आणि रुग्णाला समजावून सांगणं यावर. आपल्याकडे रुग्णालाच ‘मशीन लावलं’ म्हणजे उपचार झाला असं वाटतं, हे मला ठाऊक आहे, आणि ही समजूत एका दिवसात बदलणार नाही. पण तुम्ही जाण्याआधी त्या सूचना वाचून जा. तिथे वाद घालण्यापेक्षा व्यायामाचा डोस कसा ठरवतात, कसा वाढवतात ते टिपून घ्या.

हातातल्या बांगड्या, लाल दोरा, अंगठी चालते का?

ब्रिटनच्या रुग्णालयांत रुग्णाजवळ जाताना कोपराखाली हात उघडे ठेवायचे असतात. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, मनगटावरचा दोरा नाही, लांब बाह्या नाहीत. साधी लग्नाची अंगठी बहुतेक ठिकाणी चालते. कारण हात धुण्याचं आहे, धर्माचं नाही. यल्लम्माचा किंवा ज्योतिबाचा दोरा काढायला आजी तयार नसेल, तर निघण्याआधीच घरात बोलून घ्या. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या दारात हा गोंधळ नको.

फोटो काढून ग्रुपवर टाकले तर?

नको. एक्स-रे, चालण्याचा व्हिडिओ, नाव झाकलेलं केसपेपर, काहीही नको. इथे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे टाकून ‘काय वाटतं?’ विचारायची सवय लागली आहे. ब्रिटन-युरोपात एवढ्यावर प्लेसमेंट रद्द होऊ शकते. खरं तर ती सवय इथेही सोडायला हवी.

खर्च किती? कर्ज काढावं का?

आकडा देश आणि हंगामानुसार बदलतो, पण वहीत हे रकाने पाडा: संस्थेची फी, व्हिसा, विमा (आरोग्याचा वेगळा, व्यावसायिक जबाबदारीचा वेगळा), तिकीट, राहणं, रोजचा प्रवास, लशी-तपासण्या, कागदांचं भाषांतर आणि साक्षांकन. शिवाय बेंगळुरू-पुण्याच्या फेऱ्या. त्या कुणी धरत नाही. कराराखालच्या देवाणघेवाणीत यजमान संस्थेची फी बहुधा नसते; फरक मोठा पडतो.

आईचे दागिने ठेवून किंवा शेत गहाण टाकून चार आठवड्यांसाठी जाऊ नका. हे मी पालकांना समोर बसवून सांगते. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी कर्जाला अर्थ आहे, परवाना आणि पगार त्याच्या शेवटी असू शकतो. प्लेसमेंटच्या शेवटी एक पत्र असतं.

एजंटमार्फत जावं का?

प्लेसमेंट लावून देणाऱ्या कंपन्या आहेत, सगळ्याच खोट्या नाहीत. पण ज्या रुग्णालयाचं नाव सांगतात, तिथल्या फिजिओथेरपी विभागाला तुम्ही स्वतः ई-मेल करा, त्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचा पत्ता घेऊन. ‘या तारखांना मी येत आहे, आपल्याला कल्पना आहे का?’ एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत पैसे नाहीत. ‘हमखास नोकरी’, ‘नोंदणीला मदत’, ‘दोनच जागा उरल्यात’ असं जिथे ऐकाल तिथून उठून या. मूळ मार्क्स कार्डं कुणाकडेही ठेवायची नाहीत, झेरॉक्स पुरते.

कुणाच्याही मदतीशिवाय शोधायचं तर वर्ल्ड फिजिओथेरपी या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर देशोदेशीच्या संघटनांची यादी आहे. तिथून विद्यापीठांपर्यंत पोचता येतं. दहा ई-मेलना एक उत्तर आलं तरी ठीक समजा.

मुलीला एकटीला पाठवायला घरचे कचरतात. काय सांगू?

त्यांची काळजी खरी आहे, तिला हसू नका. राहण्याचा पत्ता, एज्युकेटरचं नाव, विम्याचा क्रमांक, ड्युटीच्या वेळा हे एका कागदावर मराठीत लिहून घरी भिंतीला लावा. वसतिगृह रुग्णालयापासून किती लांब आहे, संध्याकाळी परतायचा रस्ता कोणता, हे वडिलांना नकाशावर दाखवा. शक्यतो दोघी मिळून जा. बऱ्याच देशांत मराठी मंडळं आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं. आणि मुलगी बेळगावात हॉस्टेलवर एकटी राहिलेली असेल तर अर्धी परीक्षा ती आधीच पास झालेली आहे, हे त्यांना आठवण करून द्या.

आमच्या गावाकडचा अनुभव तिकडे सांगण्यासारखा आहे का?

आहे, आणि तो घेऊनच जा. निपाणीच्या विडी कामगार बायका दिवसभर मांडी घालून वाकून बसतात, त्यांची मान आणि कंबर. वडगाव-शहापूरच्या मागावर बसणारे विणकर, त्यांचे खांदे. उद्यमबागच्या कारखान्यांतल्या हाताच्या दुखापती. खानापुरात चिखलात भात लावणाऱ्या बायकांचे गुडघे, अथणी-रायबागकडची ऊसतोड, आखाड्यातल्या पैलवानांचे खांदे आणि कान. हे रुग्ण तिकडच्या विद्यार्थ्याने पाहिलेले नसतात. पाच-सहा केस नाव-गाव वगळून नीट लिहून न्या: काम काय, दिवसात किती वेळ, काय तपासलं, काय बदललं. केस प्रेझेंटेशनची पाळी येते तेव्हा उसनं काही मांडावं लागत नाही.

मी तर असंही सांगेन की डिस्चार्जच्या आधी रुग्णाचं घर बघायची तिकडची पद्धत आपल्याकडे लावून बघा. उंबरा किती उंच, संडास अंगणात की घरात, जेवण पंगतीत खाली बसून की टेबलावर. म्हाताऱ्याला काय हवंय ते विचारलं तर तो ‘चालायचंय’ म्हणत नाही, ‘नातवाच्या लग्नात पंगतीला बसायचंय’ म्हणतो. व्यायाम तिथून सुरू होतो.

व्हिसा नाकारला किंवा पैसे जमले नाहीत तर?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधलं (सीएमसी) पुनर्वसन केंद्र बघा, डॉ. मेरी व्हर्गीस यांनी १९६६ मध्ये उभं केलेलं. स्वतः अपघातात पांगळ्या होऊन व्हीलचेअरवरून शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी सुरू केलेली ही जागा. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था, न्यूरोसाठी बेंगळुरूचं निम्हान्स. कॉलेजचं पत्र घेऊन तिथे पोस्टिंगसाठी विचारा. रेल्वेच्या तिकिटात भागतं.

परत येण्याआधी काय काय हातात हवं?

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. तारखा आणि एकूण तास लिहिलेलं, संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र. भरलेला मूल्यमापन तक्ता. एज्युकेटरचा कामाचा ई-मेल. तासांचं लॉगबुक दर शुक्रवारी सही करून घ्या. एज्युकेटर सुट्टीवर गेला किंवा दुसऱ्या वॉर्डात बदलला की इकडून पाठवलेल्या ई-मेलला उत्तर यायला महिने लागतात, आणि इथे तुमचं इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र त्या एका सहीसाठी अडून राहतं. परतल्यावर त्याच आठवड्यात सगळ्याच्या प्रती एचओडींकडे देऊन पोच घ्या.